खरं बोलणाऱ्यानं पाणी आणायचं

जिनेवाल्यांच्या घरात माणूस गेलं की महिन्याभरानं थापांची बैठक बसते. ही रीत कुणी पाडली हे विचारण्यात अर्थ नाही, त्याचं उत्तरही थापच मिळतं. आत्या सांगते की तिच्या पणजोबांनी एका धनिकाला इतका उंच जिना करून दिला, की तो सकाळी गच्चीवर टॉवेल वाळत घालायला म्हणून चढला आणि उतरला तेव्हा त्याच्याच नातवांनी त्याला दारात अडवून विचारलं, आजोबा, कोण हवंय आपल्याला? पणजोबा गेले तेव्हा रडायला जमलेल्या माणसांत कुणीतरी हा जिना काढला, दुसऱ्यानं त्यावर आणखी एक मजला चढवला, आणि संध्याकाळपर्यंत सगळे पोट धरून हसत होते. डोळ्यांतलं पाणी तसंच वाहत होतं म्हणे. तेव्हापासून हे असंच.

नियम फारसे नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल प्रत्येकानं एक थाप मारायची. बोलताबोलता कुणाच्या तोंडून खरं निसटलं, तर ज्याच्या ते ध्यानात येईल त्यानं म्हणायचं, "पाणी." मग खरं बोलणाऱ्यानं उठायचं आणि सगळ्यांना पाणी आणून द्यायचं. ज्याला पटलं तो पितो, न पटलेला पेला तसाच खाली ठेवतो. आजोबांच्या बैठकीत आई नवी सून होती. तिला बिचारीला काही सुचेना, म्हणून ती म्हणाली, "मामंजी फार प्रेमळ होते." आणि एकानंही पाणी मागितलं नाही. त्या हसण्यानं कारखान्याचे पत्रे हलले असं आत्या अजून सांगते.

या खेपेला बैठक थोरलीची होती.

बसले होते कारखान्यातच, तिसऱ्या प्रहरी. भिंतीला अर्धा झालेला एक गोल जिना टेकलेला, कुठेच न जाणारा. महिनाभर त्याच्यावर कुणी हात फिरवला नव्हता. रंधा जिथे ठेवला तिथेच पडून होता, पात्यात अडकलेली ढलपी सुद्धा कुणी काढली नव्हती. बाबा त्याच्याशेजारच्या स्टुलावर बसून होते. बाबा म्हणजे गावभरचे जिने ज्यांच्या हातचे, ते. थोरली गेल्यापासून ते हो आणि नाही एवढ्यावरच आले होते, आणि त्यातलंही नाही फारसं लागत नव्हतं. जावई पोलिसांना म्हणाला, कठड्याचा खांब सैल होता, तिचा हात निसटला, जिन्यावरून पडली. पोलिसांनी बाबांना विचारलं, जिना तुम्हीच केलेला का? बाबा म्हणाले, हो. लग्नानंतर त्या घरात लेकीला भेट म्हणून त्यांनी तो जिना स्वतःच्या हातानं बसवून दिला होता. अपघात असं लिहून फाईल मिटली. बाबांच्या डोक्यातली मात्र उघडीच राहिली. कुठली पाचर कमी ठोकली, कुठलं लाकूड ओलं होतं, एवढंच महिनाभर त्यांच्या आत चाललेलं.

आत्यानं सुरुवात केली, कारण तिच्याआधी सुरुवात करायची कुणाची छाती नव्हती. ती म्हणाली, थोरली शाळेत इतकी बडबडायची की मास्तरांनी तिला तोंडावर बोट ठेवायला लावलं. तर तिची सावली बोलायला लागली. शेवटी मास्तरांनी सावलीला बाकावर उभं केलं आणि थोरलीला सांगितलं, तू घरी जा, हिची शिक्षा संपली की पाठवून देतो.

दादा हसला. थोरलीच्या पाठचा हा भाऊ, आता कारखाना तोच बघतो. त्याची थाप अशी, की गल्लीतल्या थोराड पोरांनी त्याला मारलं तेव्हा ताई गेली आणि नुसतं बघितलं, तर त्या पोरांच्या येऊ घातलेल्या मिशा घाबरून परत आत गेल्या. त्यातला एक आता बँकेत आहे, अजून गुळगुळीत. सगळे हसले. हसता हसता दादानं हळूच दाराशेजारच्या खुर्चीकडे बघितलं, पाहुण्याला आवडलं का ते बघायला.

पाहुणा म्हणजे जावई. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं, म्हणून घरात नाव चष्मेवाला. मऊ आवाज, स्वच्छ कपडे, आणि बोलायच्या आधी काचा पुसायची सवय. त्यानं आज गोटीला आणलं होतं, बॅगेसकट. गोटी थोरलीची मुलगी, सात वर्षांची. ती आता कायमची इथेच राहायची होती, आणि हे दादानं जमवून आणलं होतं.

कशाच्या बदल्यात, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी, दादाच्या पाठची बहीण, हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. आलेली बाई किंवा तिला घेऊन आलेला माणूस जे कारण सांगेल ते लिहायचं, हे तिचं काम. दिवसभर ती ते लिहायची आणि घरी येऊन कविता लिहायची. दर शनिवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर काही बायका उभ्या राहून कविता वाचतात. एक कविता, एक गेलेली बाई. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. पहिल्यांदा पोलीस त्यांना उठवायला आले होते, मग तेही उभे राहून ऐकायला लागले, आणि एकाची बदली झाली. उद्याच्या शनिवारी धाकटी थोरलीवरची कविता वाचणार होती. ही बातमी चष्म्याच्या दुकानापर्यंत पोचली, आणि चष्मेवाला दादाकडे आला. भांडायला नाही. तो म्हणाला, पोरीला आजीची सवय आहे, राहू दे तिला तुमच्याकडे, मी आड येणार नाही. फक्त तिच्या आईचं नाव रस्त्यावर नको.

त्या दिवशी आईनं धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. एक लेक गेली, ती काही कवितेनं परत येत नाही, म्हणाली. हिची लेक तरी मला मिळू दे. धाकटीनं बराच वेळ भांडी घासली, मग शब्द दिला, कोर्टाच्या पायऱ्यांवर वाचणार नाही म्हणून. आईनं लगेच आतल्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला. आज दुपारी गोटीचे कपडे त्यात लागले सुद्धा होते.

म्हणून आईची पाळी आली तेव्हा तिनं दाराकडे न बघता, घाईघाईनं, काम उरकावं तशी थाप मारली. "थोरली तिच्या घरी सुखात होती."

कुणी पाणी म्हणालं नाही. या वेळी कुणी हसलंही नाही.

आत्यानं गोटीला पुढे घेतलं. गोटीला खेळ थोरलीनं शिकवलेला होता, घरी दोघी झोपण्याआधी खेळायच्या. ती उभी राहून स्पष्ट आवाजात म्हणाली, की एकदा आईनं मला दप्तरात घालून शाळेत नेलं, तर बाईंना वाटलं मी पुस्तकच आहे, त्यांनी मला उघडून वर्गाला वाचून दाखवलं. "चांगलं होतं का गं पुस्तक?" आत्यानं विचारलं. गोटी विचारात पडली. "शेवट बाईंनी वाचला नाही," ती म्हणाली आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसली.

"आता जावईबापू," आत्या म्हणाली. तिच्या जिभेला हाड कधीच नव्हतं, आज तर तिनं ते मुद्दामच घरी ठेवलं होतं. "बैठकीत बसलेल्याला सुटका नाही."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला. "मला थापा येत नाहीत, आत्या."

त्या दुपारची सगळ्यात मोठी थाप हीच होती, पण दाद द्यायचं धाडस कुणाला झालं नाही.

तो म्हणाला, मी आपलं खरंच सांगतो. ती किती सांभाळून चालायची, सकाळी कशी घाईत होती, त्यानं हाक मारली तर वळली आणि खांबाला धरायला गेली. हे सगळं तो महिन्याभरात इतक्यांदा बोलला होता की शब्द झिजून गुळगुळीत झाले होते. मग तो बाबांकडे वळला. "मी बाबांना दोष देत नाही. वय झालंय, एखादी पाचर राहते. मी कुठे कधी काही बोललो का?"

बाबांनी मान हलवली. नाही, कधी बोलला नाहीत, अशी. त्यांचे हात मांडीवर उलटे पडलेले होते, तळवे वर करून, जणू कुणी ते तपासायला मागितले होते.

धाकटी ते हात बघत होती. खिडकीवर तिनं खूप माणसं बघितली होती, मार खाल्लेल्या बायका, मारून आणून वर फॉर्मवर सही करणारे पुरुष. पण ज्यानं काही केलं नाही असा म्हातारा माणूस स्वतःला आरोपी मानून, गुन्हेगाराचे उपकार मानताना तिनं कधी बघितला नव्हता. तिला आईला दिलेला शब्द आठवला. शब्द तिनं नीट तपासला, कागद परत देण्याआधी तपासते तसा. कोर्टाच्या पायऱ्या, असं ती म्हणाली होती. कारखान्याचं नाव निघालं नव्हतं.

"माझी राहिली," ती म्हणाली.

आईनं गोटीला घट्ट धरलं. "धाकटे."

"थापच मारतेय गं, आई." ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. कागद तिच्याकडे नव्हता. तिनं अर्धवट जिन्याकडे बघत सांगायला सुरुवात केली.

"माझ्या बहिणीच्या घरात एक जिना होता.
काय सांगू, तसा जिना कुणी बघितला नसेल.
संध्याकाळी तो बाहेरून यायचा,
दारात बूट काढायचा,
आणि विचारायचा, आज कुणाशी बोलत होतीस.

त्या जिन्याला जेवण निवलेलं चालायचं नाही.
त्या जिन्याला तिचं हसणं मोठं वाटायचं.
त्या जिन्याला बोटं होती,
ती तिच्या दंडावर उमटायची,
आणि माझी बहीण भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालायची.

सकाळी जिना रडायचा.
पुन्हा नाही, म्हणायचा.
जिन्याचं रडणं किती खरं वाटतं
हे ज्याला माहीत नाही,
त्यानं तिला विचारू नये
की तू उतरून का आली नाहीस."

दादानं मान खाली घातली. गेल्या उन्हाळ्यात ताई कारखान्यात आली होती, मनगटापर्यंत बाह्या. तो म्हणाला होता, काय गं, तुमच्या घरात बर्फ पडतो का? ती म्हणाली होती, हो, गुडघ्याएवढा. दोघं हसले होते. तो जिनेवाल्यांच्या घरातला, थाप ओळखायची त्याला जन्मापासून सवय. तेव्हा पाणी म्हणायला काय झालं होतं?

"माझ्या खिडकीवर रोज बायका येतात,
जिन्यावरून पडलेल्या.
तळमजल्यावर राहणाऱ्या बायका.
एका खोलीत राहणाऱ्या बायका.
जिना कुठे आहे, मी विचारते.
बाहेर गाडी लावतोय, त्या सांगतात."

कुणीतरी हसलं, एकच श्वास, आणि तो तिथेच विरला. ती आत्या होती. तिनं तोंडावर हात घेतला आणि तो तसाच राहिला.

"आणखी एक जिना होता त्या घरात.
तो माझ्या बापानं केला होता, लाकडाचा.
त्यानं तिला रोज वर नेलं, रोज खाली आणलं.
तिच्यावर कधी आवाज चढवला नाही.
आम्ही सगळे तिला विचारत होतो, बरी आहेस ना.
त्या घरात तो एकटाच
तिला धरून होता."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. ती घसरली, त्यानं पुन्हा टेकवली.

बाबांनी आपले हात उलटे केले. तळवे खाली, गुडघ्यांवर. त्यांना तो खांब आठवत होता. महिनाभर आठवत नव्हता, नुसता सैल, सैल, एवढंच ऐकू येत होतं. आता त्यांना दिसलं, की खांब बसवला त्या दुपारी थोरली पायरीवर बसून त्यांना चहा देत होती, आणि म्हणाली होती, बाबा, हा तर माझ्यापेक्षा जास्त टिकेल. त्यांनी तिला रागावून टप्पल मारली होती. असलं बोलू नये म्हणाले होते. मग दोघांनी मिळून खांबाला लोंबकळून बघितलं होतं, म्हातारा आणि नवी नवरी, आणि तो तसूभर हलला नव्हता.

"पाणी," बाबा म्हणाले.

आवाज इतके दिवस न वापरल्यामुळे खरखरीत निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "पाणी आण गं, पोरी."

धाकटी आत गेली. माठाचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग पेल्यांचा. ती ट्रे घेऊन आली. पहिला बाबांना. बाबा सगळं प्याले, डोकं मागे करून, दिवसभर उन्हात काम केलेल्या माणसासारखे. आत्या प्याली. दादानं पेला हातात धरून चष्मेवाल्याकडे बघितलं. त्याला खात्री होती की आपण आता काहीतरी समजुतीचं बोलणार, ही अशीच आहे, मनावर घेऊ नका असं काहीसं. ते वाक्य येईना. त्यानं पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

चष्मेवाल्यानं आपला पेला पायाशी ठेवला. न सांडता, हळू.

आता आई उरली. तिच्या हातात पेला होता आणि मांडीवर गोटी. हे पाणी प्यायलं की आतल्या कपाटातला खालचा कप्पा पुन्हा रिकामा होणार, हे तिला पेल्याच्या तळापर्यंत स्पष्ट दिसत होतं. तिनं तो ओठांपाशी नेला आणि थांबली. नेला आणि पुन्हा थांबली. गोटीनं वर बघितलं. मग तिनं आजीच्या हातातला पेला दोन्ही हातांनी आपल्याकडे घेतला आणि अर्धा पिऊन टाकला. उरलेला परत दिला. तिला नियम नीट ठाऊक होते. तिच्या आईनंच शिकवले होते.

"गोटी," तिचा बाप म्हणाला, "बूट घाल."

आवाज मऊच होता. पण गोटी ज्या घाईनं मांडीवरून उतरली, ती घाई बैठकीतल्या प्रत्येकानं बघितली.

तो दादाला म्हणाला, तुम्ही शब्द दिला होता. दादा दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून, पण त्याचं पुढे काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. बाबाही उठले. आत्यानं शेजाऱ्यांना हाक मारायची तयारी केली. तेव्हा आईच म्हणाली, पोरीच्या समोर ओढाताण नको. बाप आहे तो तिचा, आज आपल्या हातात काही कागद नाही, बाजूला हो. दादा बाजूला झाला. आईनं कपाटातले कपडे पुन्हा बॅगेत भरले, घड्या न मोडता. बराच वेळ लावला. गोटीनं बरोबर आणलेली उशी मात्र तिच्या हातात राहिली.

"ती राहू दे," गोटी दारातून म्हणाली. "मी येणार आहे ना."

थाप मारायला कुणाला जमलं नाही, आणि खरं काय ते कुणाला माहीत नव्हतं.

गाडी गेली. दादा फोनवर कुणा वकिलाला गाठायचा प्रयत्न करत अंगणात फेऱ्या मारत राहिला. आत्या स्टुलावर बसून एकटीच रडत होती, थोरलीच्या सावलीला अजून शाळेतून सोडलं नाही म्हणून. बाबांनी रंधा उचलला, पात्यातली अडकलेली ढलपी नखानं काढली, फुंकर मारली, आणि पुन्हा खाली ठेवला.

स्वयंपाकघरात आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. धाकटी दारात येऊन थांबली.

"तुझी कविता चांगली आहे," आई म्हणाली. "माझी नात गेली, पण कविता चांगली आहे."

"आई."

"मला काही सांगू नकोस. मला ठाऊक नव्हतं का? बाह्या मी नव्हत्या बघितल्या? मी तिची आई होते. मी म्हटलं, निदान पोरगी वाचेल. त्या घरातून एक तरी बाहेर काढू." तिनं कपाळ ओट्याच्या कडेला टेकवलं. "आणि आज मीच तिचे कपडे घड्या घालून परत दिले त्याला."

धाकटी दुसऱ्यांची कारणं लिहून घ्यायची, तिला स्वतःला कारण सुचेना. माफी मागावी असं तिला वाटलं, आणि कविता परत घ्यावी असं वाटलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी घेऊन ती तिथे उभी राहिली.

ओट्यावर तो पेला होता. गोटीनं अर्धा ठेवलेला. कारखान्यातून येताना त्यात लाकडाचा भुसा पडला होता, पाण्यावर तरंगत होता. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं करंगळीनं भुसा काढला, आणि ते पाणी प्याली. थोडं थोडं, औषध घ्यावं तसं, पण शेवटपर्यंत.

पेला विसळून तिनं पालथा घातला.

"उद्या त्या कोर्टाच्या पायऱ्यांवर," ती म्हणाली, "किती माणसं असतात?"

"ठरलेलं नसतं. कधी जास्त, कधी अगदीच थोडी."

"मोठी कळशी काढून ठेव माळ्यावरची," आई म्हणाली. "तू वाचून झाल्यावर मला बोलायचंय. उद्याचं पाणी मी आणते."